एका सभासदाची युनियन

"ठराव सर्वानुमते मंजूर," असं म्हणून लिफ्टमामांनी वर केलेला आपलाच हात खाली घेतला आणि सभेचं इतिवृत्त लिहायला वही ओढली.

मामी धुण्याची बादली घेऊन दारात उभ्या होत्या. "झाली का सभा? मग उठा त्या खुर्चीवरून. मला वर चढून दोरी बांधायचीय."

"आभार राहिलेत अजून."

"कोणाचे?"

"उपस्थितांचे," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले.

चार मजल्यांच्या त्या कापडदुकानात एकेकाळी चार लिफ्ट आणि आठ लिफ्टवाले होते. त्यांची आपली वेगळी युनियन. कारकुनांची वेगळी, ड्रायव्हरांची वेगळी, आणि उरलेल्या सगळ्यांची मिळून एक मोठी. मग एकेका लिफ्टला बटणं आली, एकेक लिफ्टवाला निवृत्त झाला, आणि शेवटी एक लिफ्ट आणि एक मामा उरले. गेली अकरा वर्षं अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, सभासदही तेच. मी म्हणेन ती पूर्व दिशा! तरी त्यांनी एकही मासिक सभा चुकवली नव्हती. आधीचे अध्यक्ष निवृत्त होताना रबरी शिक्का त्यांच्या हातात देऊन म्हणाले होते, "युनियन नसली की साहेब मनात आलं तर आपल्याशी बोलतो. असली की त्याला बोलावंच लागतं. एवढ्यासाठी टिकव."

त्या युनियनची एकच मोठी कमाई होती. जुन्या कराराचं कलम सात: युनियनच्या प्रत्येक सभासदाला कामाच्या जागी बसायला स्टूल मिळेल. खाली थोरल्या मालकांची सही. त्यामुळे दुकानभर काम करताना बसलेला माणूस एकच, तो म्हणजे मामा. काउंटरवरच्या बायकांनी नऊ तास उभं राहायचं, समोर गिऱ्हाईक नसलं तरी.

म्हणून बायकांनी एक युक्ती काढली होती. "गोदामातून माल आणते," म्हणून एकेकीनं लिफ्टमध्ये शिरायचं. मामा उठायचे, ती स्टुलावर टेकायची. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत चाळीस सेकंद. एखादीचे पाय फारच सुजलेले दिसले, तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे अडकायची. ती का अडकते, हे कुठल्याही मेकॅनिकला कधी कळलं नाही.

एके दिवशी धाकट्या मालकांनी मामांना वर बोलावलं. मोठ्या युनियनचे अध्यक्षही तिथे बसले होते.

"मामा, महिनाभरात तुमच्या लिफ्टलाही बटणं बसतायत," मालक म्हणाले. "तुम्ही गोदामात या, काम हलकं आहे. फक्त युनियन बंद केल्याची सही द्या."

"आमच्यात या की," मोठे अध्यक्ष म्हणाले. "एकट्यानं काय होतंय?"

"येतो. पण काउंटरवरच्या स्टुलांचं काय?"

"आहे ना मागणीपत्रात. चौदावी मागणी."

"किती वर्षं?"

अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. "नऊ."

मामा उद्या सांगतो म्हणून खाली आले. लिफ्टमध्ये मोजेवाली शिरली. मोज्यांच्या काउंटरवरची ही बाई दुकानात सगळ्यांत बोलकी होती, पण आज ती स्टुलावर बसून नुसती घोटे चोळत राहिली.

"बटणांच्या लिफ्टमध्ये स्टूल नसणार ना हो मामा?"

"नसणार."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

मामांनी लिफ्ट अडकवली. चांगली पाच मिनिटं.

त्या संध्याकाळी घरी तातडीची सभा भरली. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश सभासद लागतात; मामांनी विचार केला आणि तेवढे भरले. "लिफ्टवाले" या शब्दापुढे "व काउंटरवर उभे राहणारे कर्मचारी" असं जोडलं गेलं. एक हात वर झाला.

"हात दाखवून अवलक्षण करताय," मामी म्हणाल्या. "सभासद वाढले की निवडणूक आली. अकरा वर्षांचं अध्यक्षपद जाईल."

"मला सोडून कोणाला निवडतील?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांपुढे सदतीस जणींच्या सह्यांचा कागद आणि कलम सात ठेवलं. मालकांनी कलम दोनदा वाचलं. सभासद किती असावेत, हे थोरल्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या आजोबांनी, कुठेच लिहिलं नव्हतं. वकिलाला फोन झाला. वकील म्हणाला, भांडता येईल, पण स्टुलं स्वस्त पडतील. मोठे अध्यक्ष आधी चिडले, मग मांडी थोपटून हसले आणि म्हणाले, "नाही मिळाली, तर आमची माणसंही तुमच्या मागे उभी राहतील!"

आठवडाभरात सदतीस स्टुलं आली. महिना भरता भरता लिफ्टला बटणंही बसली, आणि युनियन बंद केल्याची सही न देताच मामा गोदामात गेले.

पुढची मासिक सभा सकाळी दुकान उघडण्याआधी तळमजल्यावर भरली. जी ती आपलं स्टूल घेऊन आली. एवढी गर्दी पाहून मामांचा ऊर भरून आला. त्यांनी घसा खाकरून अध्यक्षाची निवडणूक जाहीर केली, आणि मागून कोणीतरी मोजेवालीचं नाव पुकारलं.

"मामा, राग मानू नका," मोजेवाली गोरीमोरी होत म्हणाली. "तुम्ही आता गोदामात. काउंटरवरचं रोजचं तुम्हाला कसं कळणार?"

म्हणणं खरं होतं. खरं असलं तरी मामांना वाईट वाटायचं ते वाटलंच. समोर हातच हात वर झाले. त्यांनी ते मोजले, आणि मग सवयीनं आपलाही वर केला. वहीत "सर्वानुमते" लिहिताना अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो शब्द शोभून दिसला. त्यांनी शिक्का खिशातून काढला, मळलेल्या रुमालानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

मग ते मागे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचं स्टूल लिफ्टला बटणं बसवताना मोडीत गेलं होतं, आणि नव्याची मागणी करायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मोजेवालीनं शिक्का उलटसुलट करून पाहिला. तेवढ्यात तिची नजर मागे गेली.

"सभा सुरू करता येत नाही," ती म्हणाली. "एक सभासद उभा आहे. कलम सात."

सगळ्याजणी वळल्या. नव्या अध्यक्षबाई आपल्या स्टुलावर थोड्या बाजूला सरकल्या आणि उरलेल्या जागेवर त्यांनी हात थोपटला.

"या मामा. बसा."