शून्य घातलं तरी

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, कारण तिच्या हातून एक खडा सुटत नसे. पुलांची गणितं करणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम एकच: वारा सुटला की पूल किती हलेल हे दाखवणारा प्रोग्राम तपासायचा आणि निकालावर सही करायची. शाळेसमोरच्या नव्या पादचारी पुलाच्या कागदांवर तिची सही दुपारपर्यंत हवी होती. ती करायला तयार नव्हती.

प्रोग्राम लिहिला होता आचार्यांनी. आचार्य म्हणजे विभागप्रमुख. हे नाव त्यांच्या पाठीमागे चाले, पण त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते खूशच झाले असते. त्यांच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक गोष्टीला एकच अक्षर असे. "लांब नावं विसराळू माणसांना लागतात," असं ते ऐटीत सांगत. मागून आलेल्यांनी निमूटपणे तोच कित्ता गिरवला. अक्षरं कमी पडली की मागे आकडा चिकटवला. डी, मग डी-दोन, मग डी-तीन. एवढे विद्वान गोळा झाले होते, पण लेकरांचं बारसं करायला एकालाही सवड नव्हती.

चाळणीने आठवडाभर डोकं खपवून त्या अक्षरांना माणसात आणलं. 'वाऱ्याचा वेग', 'पुलाचं वजन', 'डॅम्पिंग', म्हणजे हललेला पूल किती लवकर शांत होतो त्याचा आकडा. ज्या कॉन्फिग फाइलमध्ये हे सगळे आकडे भरत, तिथेही तिने हीच नावं घातली. मग प्रोग्राम चालवला, तर पडद्यावरचा पूल दोरीवरच्या चादरीसारखा फडफडायला लागला.

आचार्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"म्हणजे तू नाव दिलंस आणि पूल हलला? मग काढून टाक नाव, थांबेल!"

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या ऑफिसात मानांचा दुसरा काही उपयोगच होत नसे.

"तुमचा जुना प्रोग्राम चालवून बघू या, सर. तुम्हीच चालवा."

"अगं, याच प्रोग्रामवर नदीवरचा पूल उभा राहिला! माझी लेक रोज बाळाला गाडीत घालून त्यावरून माझ्याकडे येते. आणि तू मला अक्कल शिकवतेस?"

"शिकवत नाही. फक्त जुन्या फाइलमध्ये डॅम्पिंगला शून्य घाला."

शून्य म्हणजे एकदा हललेला पूल थांबायचाच नाही, हे कॉलेजातल्या पोरांनाही कळतं. आचार्यांनी कपाळाला आठ्या घालत शून्य घातलं. पडद्यावरचा पूल जरासा हलला आणि शहाण्यासारखा उभा राहिला.

"बघ!" आचार्य गरजले. "शून्य घातलं तरी जागचा हलत नाही!"

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

"आता शंभर घाला," चाळणी म्हणाली.

त्यांनी घातले. तोच पूल, तसाच जरासा हलला.

"फाइलमध्ये डी-तीन लिहिलंय, सर. प्रोग्राम डी शोधतो. तो सापडला नाही की तुम्ही कधीकाळी चाचणीपुरता ठेवलेला आकडा वापरतो. आपण डॅम्पिंगला काहीही भरलं तरी तो वाचतच नाही. मी दोन्हीकडे एकच नाव दिलं, तेव्हा त्याने पहिल्यांदाच खरा आकडा वाचला."

"मग त्याने तसं सांगायला नको?"

"सांगत होता. तुम्ही त्याच्या सूचना बंद केल्यात. वर तुमची टीपही आहे: 'प्रोग्रामने मला प्रश्न विचारू नयेत.'"

या घटकेसाठी तिने काही खास टोमणे राखून ठेवले होते. आचार्यांचा उतरलेला चेहरा बघून तिला आधी आनंदच झाला, अगदी मनापासून. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे डी-तीन कधीपासून?" आणि ते टोमणे तिने तसेच गिळले.

"नदीवरच्या पुलाच्या आधीपासून."

आचार्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

"कुठे आहेस? निघालीस? नाही, नाही, पुलावरून नको. लांबच्या रस्त्याने ये. सांगतो ना मी! प्रश्न विचारू नकोस."

त्यांनी फोन ठेवला आणि रुमालाने चष्मा पुसत बसले. माना डोलावणारे आता आपापल्या पडद्यांत डोकं खुपसून होते.

चाळणीने फोन पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"आता बाकीच्यांनाही सांगा, सर. पूल बंद करायला सांगा," ती म्हणाली. "आणि ते प्रश्न विचारतील."