निळ्या रेषेचा वळसा

जमिनीच्या पोटात जे काही आहे ते सगळ्यांच्या मालकीचं असतं, आणि त्याला धक्का लावणारा माणूस एका कुणाचा नव्हे, अख्ख्या शहराचा गुन्हेगार असतो. पाणीखात्याच्या इंजिनिअरसाहेबांनी हे वचन खड्ड्याच्या काठावरून, बुटांना चिखल लागणार नाही अशा बेताने ऐकवलं. त्या वेळी दाजी खड्ड्यात, सगळ्यांच्या मालकीच्या त्या पाइपावर बसले होते आणि त्यांची पँट मागून भिजत होती.

दाजी तिथे हौसेने बसले नव्हते. केबल टाकायला चर खोदताना मशीनचा दात पाइपाला लागला, बोटभर चीर पडली आणि पाण्याने समोरच्या इमारतीच्या तळघराची वाट धरली. तळघरात वरच्या दुकानातल्या गादीवाल्याचं गोदाम होतं. दाजींनी रबरी ट्यूबचा तुकडा चिरेवर दाबला. तो उसळून वर आला, म्हणून ते त्याच्यावर बसले. ज्या वजनावरून बायको उठताबसता टोमणे मारायची, ते आयुष्यात पहिल्यांदाच लोकांच्या उपयोगी पडत होतं.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ठेकेदार म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा, म्हणून मशीनवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळेच म्हणू लागले. कारखाना बंद पडून दाजी घरी बसले तेव्हा मेहुण्याने त्यांना सुपरवायझर केलं आणि स्वतःच्या घरावरच्या दोन खोल्याही दिल्या. नोकरी मेहुण्याची, छप्परही मेहुण्याचंच. त्यामुळे नोकरी गेलीच, तर घरी जाऊन रडायचीसुद्धा सोय नव्हती.

"साहेब, तेवढा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा," दाजी म्हणाले.

"कसा करणार?" साहेब म्हणाले. "व्हॉल्व्ह आम्ही बंद केला, म्हणजे गळती आमची असं आम्हीच कबूल केल्यासारखं होईल."

या धंद्यात एक नियम कुठेच लिहिलेला नाही, म्हणून तो अगदी काटेकोर पाळला जातो. फुटलेल्या पाइपाला जो पहिला हात लावेल, पाइप त्याने फोडला. पाणीखात्याची दोन माणसं पाने, पट्टे, सगळं सामान घेऊन आली होती आणि गाडीच्या काचा वर करून शांत बसली होती. दाजींनी तर नुसता हात नव्हे, सबंध देहच लावला होता.

"पण मी रेषा पाळलीय, साहेब. वर बघा की."

वर खरोखरच रेषा होती. खोदकामाच्या आदल्या दिवशी खात्याचा माणूस येतो आणि खाली जिथून पाइप गेलाय तिथे रस्त्यावर निळा रंग मारून जातो. तेवढं सोडून खोदायचं, की झालं. ही रेषा दुरून सरळ येत होती, नेमकी इथे आल्यावर पोट काढून वळसा घेत होती आणि पुढे परत सरळ होत होती. दाजींनी त्यावर बराच विचार केला होता, आणि तो त्यांनी आता साहेबांना ऐकवला. खाली एखादा मोठा खडक असणार, आणि शहाण्या माणसासारखा पाइपही बाजूने गेला असणार. त्यांनी वळशाच्या आत खोदायला सांगितलं. पाइप वळशाच्या आतच होता, फुटपट्टीने आखल्यासारखा सरळ.

"खडकबिडक काही नाही हो," गादीवाला काठावरून म्हणाला. "काल इथे माझी गाडी उभी होती. तुमचा रंगवाला आला, गाडी काढा म्हणून दोनदा ओरडला आणि गाडीच्या भोवतीने रंग मारून निघून गेला. मी दुकानातून बघत होतो."

दाजींच्या अंगात जीव आला. "ऐकलंत ना, साहेब?"

साहेबांनी गादीवाल्याकडे पाहिलं. "म्हणजे खात्याच्या कामात अडथळा तुमच्या गाडीचा होता तर."

गादीवाल्याने एकदा दुकानाकडे पाहिलं. "माझी म्हणजे... माझ्यासारखी होती. पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? आणि मी खरं तर गिऱ्हाईकात होतो."

एवढं बोलून साक्षीदार दोन पावलं मागे सरकला. जाता जाता मात्र म्हणाला, "तुम्ही उठू नका हं. उठलात आणि माझ्या गाद्या भिजल्या, तर भरपाई तुमच्याकडून घेईन."

तेवढ्यात केबल कंपनीची मॅडम पुढे झाली. तिच्या डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट होतं आणि हातात मोबाइल. "दाजी, इकडे बघा. इथे खोदायचा निर्णय तुमचा एकट्याचा होता, कंपनीचा नव्हता, एवढंच बोला. अगदी तुमच्या स्वतःच्या शब्दांत."

दाजींचे स्वतःचे शब्द तिने येताना तयार करूनच आणले होते. ते तिने दोनदा वाचून दाखवले.

दाजींचा फोन वाजला. मेहुणा होता.

"दाजी, मी आहे तोवर तुम्ही कसलीही काळजी करायची नाही. फक्त चूक माझी आहे, असं म्हणून टाका."

"तुझी?"

"माझी कशी? तुमची! चूक ठेक्याची ठरली तर माझं लायसन्स जाईल, पोरंबाळं रस्त्यावर येतील. तुमची ठरली तर फक्त तुम्हाला काढावं लागेल. तेही दाखवायला."

"दाखवायला म्हणजे किती दिवस?"

"ते बघू. खोल्यांचं मी ताईशी बोलतो."

तो ताईशी आधीच बोलला होता, कारण पाठोपाठ तिचा फोन आला.

"अहो, तो म्हणतोय तसं म्हणा ना. त्याचं लायसन्स जाईल."

"म्हटलं तर माझी नोकरी जाईल."

"मग तसं नका म्हणू."

"नाही म्हटलं तर राहायचं कुठे?"

ती म्हणाली, "दोन्ही नाही का करता येणार? म्हणजे, दोन्ही न करता?"

"सध्या तेच करतोय," दाजी म्हणाले. "तुझ्या मते मी काय करतोय इथे?"

वरून चार डोकी खाली वाकून बघत होती. मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, पाठ आखडली होती, आणि ट्यूबखालून पाणी एखाद्या हट्टी जनावरासारखं ढुशा देत होतं. उठावं तर गाद्या, बसावं तर पुरावा. बोलावं तर नोकरी, न बोलावं तर घर. दाजींना वाटलं, केबलबरोबर आपल्यालाही पुरून वरून डांबर घालतील तर बरं. तेवढंच कायमचं काम होईल.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. गाडीजवळ जाऊन त्यांनी सावकाश चहा घेतला, परत आले, पुन्हा घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "चला, उठा आता. पाहणी करायची आहे."

"पाणी जाईल, साहेब."

"उठा तर खरं."

दाजी उठणार नव्हतेच. पण त्यांच्या लक्षात आलं की खालच्या ढुशा थांबल्यात. ते आधी एका बाजूला कलले, मग दुसऱ्या, आणि शेवटी गुडघ्यांवर हात देऊन उभे राहिले. ट्यूबखालून दोन थेंब आले, आणि मग तेही आले नाहीत.

"लिहून घ्या," साहेब आपल्या माणसाला म्हणाले. "पाहणीच्या वेळी गळती आढळली नाही."

"म्हणजे नुकसान नाही," मॅडम म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

"माझ्या गाद्या कोरड्या आहेत," गादीवाल्याने न विचारताच जाहीर केलं.

फोनवर मेहुण्याला कळवलं तेव्हा तो ओरडलाच, "दाजी, तुम्ही देवमाणूस आहात! खड्डा बुजवा आधी!"

"पण चीर आहे," दाजी म्हणाले.

साहेब खड्ड्यात वाकून, मनापासून जिज्ञासा असल्यासारखे म्हणाले, "कुठे आहे?"

दाजींनी खाली पाहिलं. ट्यूब ओलीचिंब, पाइपाला चिकटून पडली होती. ती नुसती उचलायची होती. त्यांना त्या दोन खोल्या आठवल्या, आणि त्यांच्या खाली राहणारा मेहुणा.

"ट्यूब आहे," ते म्हणाले.

केबल टाकली, माती लोटली, वरून रोलर फिरवला. सगळे एकमेकांशी हात मिळवून गेले. मेहुण्याने रात्री खाली जेवायला बोलावलं आणि दाजींना आग्रह करकरून वाढलं.

त्या भागात पाणी रोज सकाळी तीन तास असतं. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आलं.