सातव्या थांब्यावरचं टेकाड

बोरसरीच्या तळ्यात त्या उन्हाळ्यात पाणी तेवढं नव्हतं, बाकी सगळं होतं. काठावर पाच खोल्यांचं विश्रामगृह होतं, बोगनवेलीची कमान होती, सिमेंटची दोन हरणं होती आणि पालथ्या घातलेल्या दोन होड्या होत्या. होड्यांच्या सावलीत कुत्री झोपत. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला आपलं म्हणून एखादं सहलीचं ठिकाण हवं, असं वरच्या कुणाच्या तरी मनात आलं आणि बोरसरीचं नाव निघालं. नांदेडची, उदगीरची माणसं रविवारी येऊ लागली. कुणीतरी गावाला ‘लातूरचं महाबळेश्वर’ म्हटलं. गावातली माणसं त्यावर पोट धरून हसली, पण पुढच्या रविवारी स्वतःही तसंच म्हणू लागली.

मग दोन पावसाळे कोरडे गेले आणि तळं मागे हटत हटत भांड्याच्या बुडाएवढं उरलं. गुरुबसप्पांचं काठावर हॉटेल होतं आणि सहल समितीचे अध्यक्षही तेच होते. होड्या बंद पडल्यावर त्यांनी डोकं चालवलं. पाणी दाखवता येत नाही तर तळच दाखवू. बांधावरून निघून कोरड्या तळ्यातून फिरून परत येणारी पायवाट आखली, चुन्याचे बाण मारले, अकरा थांबे ठरवले. येत्या रविवारी सकाळी जिल्ह्याचे साहेब तिचं उद्घाटन करणार होते.

सिंधु त्या पायवाटेसाठी आली नव्हती. ती भूजल खात्यात भूवैज्ञानिक होती आणि गावासाठी विहिरीची जागा शोधायला आली होती. गावात दिवसाआड टँकर येई. आधीच्या तीन बोअरमधून नुसता धुरळा निघाला होता. सोमवारपर्यंत जागा कळवली नाही तर खोदाईची गाडी पुढच्या तालुक्याला जाणार होती. चार दिवस ती हातोडी आणि वही घेऊन तळ्याभोवती फिरत होती. बोरसरी तिचंच गाव. आई अजून भीमनगरातल्या दोन खोल्यांत राहायची. त्यामुळे मुक्कामाची सोय होती, फक्त आई एकदाही तिच्यासोबत तळ्यावर आली नव्हती. चौदा वर्षांत त्या बांधावर ती चढलीच नव्हती.

गुरुवारी सकाळी सिंधु तळ्याच्या मधोमध खाली बसून माती चोळत होती, तेव्हा मागून नरसिंग मुकादमांचा आवाज आला. सत्तरीचे, डोक्याला पिवळा पटका, हातात वेताची काठी. समितीने त्यांना वाटाड्या नेमलं होतं. मागे उदगीरचे आठ-दहा शिक्षक होते.

“या, या. सावली न्हाई, पण मजा हिथंच हाय. ही टेकाडं बगा. कोणी म्हणतं राजाच्या कबरी, कोणी म्हणतं देऊळ बुडालं. काई न्हाई! बहात्तर सालचं दुष्काळी काम. ह्यो तलाव माणसांनी खांदलाय आन् मी त्यांचा मुकादम.”

“मग टेकाडं कशाची?” एका शिक्षकाने विचारलं.

“मोजायची. दिसभर खड्डा खांदायचा, पण मधी मातीचा एक खांब तसाच सोडायचा. त्यो साक्षीदार. सांजच्याला मी त्याला टेप लावणार. खांब जेवढा उंच, खड्डा तेवढा खोल. समजलं का गुर्जी? आता ह्ये बगा. समदे गुडघ्याएवढे, आन् ह्यो एकटाच मांडीच्या वर! काहून?” त्यांनी काठीने टेकाडाच्या माथ्यावर टकटक केलं. “एका बाईच्या टोळीनं माझी पाठ फिरली की वरून माती थापली. खड्डा खोल दिसावा, मजुरी जास्ती मिळावी म्हणून. पण मी काय कच्चा होतो का? धरली! कामावरनं काढली. म्हणून ह्याचं नाव चोरटेकाड. थांबा नंबर सात.”

शिक्षक हसले. एकाने टेकाडावर पाय ठेवून फोटो काढून घेतला.

सिंधुच्या मुठीतली माती तशीच राहिली. ती बाई म्हणजे तिची आई, भामाबाई. सिंधु तेव्हा दहा वर्षांची होती. त्यानंतर शाळा संपेपर्यंत वाटेवर तिच्यामागे ‘मातीचोर, मातीचोर’ असा गजर चालायचा. नांदेडला कॉलेजात गेल्यावर तो थांबला आणि तिला वाटलं, गाव विसरलं.

हॉटेलामागे पाट्या वाळत घातल्या होत्या. निळ्यावर पांढरी अक्षरं. सातव्या पाटीवर ‘चोरटेकाड’ लिहून झालं होतं आणि खाली गोष्ट लिहायला जागा सोडली होती.

“अण्णा, ही पाटी लावू नका,” ती म्हणाली.

गुरुबसप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. “काहून बाई? समद्यात जास्त गर्दी तिथंच असती.”

“खोटं आहे ते.”

“तुझ्या आईचं हाय, मला ठाव हाय. म्हणून तर नाव घातलं न्हाई की.”

“नाव न घालताही सगळ्या गावाला कळतंच की.”

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गर्दी आवडायची. “हे बघ सिंधु, तू शिकलेली. शनिवारच्या सांजेपर्यंत खोटं हाय असं दाखवून दे, मी माझ्या हातानं पुसतो. न्हाई जमलं, तर मग माझ्यावर रुसू नको.”

दुपारी ती घरी आली तेव्हा भामाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. सिंधुने पाटीचं सांगितलं. सुपाची लय चुकली नाही.

“लावू दे. पाटीनं काय माझ्या अंगाला खाज सुटणार हाय?”

“आई, तुमच्या टोळीने माती थापली होती का?”

सूप थांबलं. उंबऱ्याशी आलेल्या दोन चिमण्या उडाल्या.

“चौदा वर्षं इचारलं न्हाईस.”

“आता विचारते.”

“आन् मी न्हाई म्हणलं तर ऐकशील?”

“मी ऐकीन. पाटीवाले नाही ऐकणार. मी मोजणार आहे.” सिंधुला पुढचं बोलायला जड गेलं, पण ती बोलली. “मोजल्यावर जे निघेल ते निघेल. मग ते मला लपवता येणार नाही.”

 भामाबाईने पुन्हा सूप उचललं. “मोज. कालेजात शिकीवलं ते कवा कामाला येणार? चार दिस झाले, निस्त्या वहीत रेघा वडून राहिलीस.”

शनिवारी सकाळी टेकाडापाशी गुरुबसप्पा, नरसिंग मुकादम आणि तमाशा बघायला आलेली वीसेक माणसं जमली. भामाबाई खाली आली नाही. पण चौदा वर्षांनी ती बांधावर चढली होती; बाभळीखाली पदर घेऊन उभी होती.

सिंधुने आधी खुरप्याने टेकाडाची एक बाजू तासली. वरचा गाळाचा पापुद्रा निघाला आणि आतली माती दिसली. मग पाच पावलांवरची खड्ड्याची कड तशीच तासली. ही जमीन कुणी कधी हलवली नव्हती. तळाशी साचलेल्या गाळाच्या वर दिसणारा क्रम दोन्हीकडे तोच होता. खाली पिवळा मुरूम, त्यावर चुनखडीच्या खड्यांचा बोटभर पांढरा पट्टा, त्यावर काळी माती.

“खांबावर माती थापली असेल तर पांढऱ्या पट्ट्याच्या वर तिथे जास्त काळी माती भरेल,” ती म्हणाली. “थापली नसेल तर कडेला जेवढी, तेवढीच.”

“पण पट्टा दोन्हीकडं सारखा हाय कशावरून?” नरसिंग मुकादम म्हणाले.

प्रश्न चांगला होता. सिंधुने गवंड्याकडून आणलेली पारदर्शक नळी काढली आणि तिच्यात आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं.

“सांडू नको बाई,” गर्दीतून एकजण कळवळला, “टँकर उंद्या हाय.”

नळीचं एक टोक तिने खड्ड्याच्या कडेला धरलं, दुसरं मुकादमांच्याच हातात दिलं. पाणी हललं, डुचमळलं आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या पट्ट्यावर येऊन थांबलं. मग तिने वरची काळी माती मोजली. कडेला एक वीत चार बोटं. टेकाडावर एक वीत चार बोटं.

“आणि हे बघा.” टेकाडात काळ्या मातीतून खाली पट्ट्यापर्यंत एक भेग गेली होती. भेगेत चुना साकळून दोऱ्यासारखी पांढरी रेघ तयार झाली होती, कुठेही न तुटलेली. “माती थापता येते, मुकादम. अशी रेघ थापता येत नाही. तिला शेकडो वर्षं लागतात.”

मुकादमांनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर. 

“मग खड्डा खरंच तेवढा खोल व्हता?” ते शेवटी म्हणाले. “तीन फूट दोन इंच. मीच मोजलं व्हतं, अजून ध्यानात हाय. पण चार बाया, एक दिवस? हिथला मुरूम म्हणजे पहार मोडायची. बाप्यांच्या टोळ्या दीड फुटावर दमायच्या. कसं काय खांदलं?”

सगळ्यांनी सिंधुकडे पाहिलं. नसलेलं उत्तर देण्याची तिला सवय नव्हती. “ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मला हाय,” मागून आवाज आला.

भामाबाई खाली उतरून आली होती. गर्दीने वाट दिली.

“वरचा मुरूम टणकच व्हता. हाताची सालटी निघाली. पर फूटभर गेल्यावर वाळू लागली. बारीक, गार वाळू. फावडं लोण्यात गेल्यावानी जायचं. आन् सांजच्याला त्या वाळूत पाणी झिरपलं.”

“पाणी?” मुकादम म्हणाले. “मला काहून सांगितलं न्हाई?”

“तुमच्या पाण्याच्या ड्रमावर आमचा लंबर समद्यात शेवटी, मुकादम. आमच्यापतुर येईस्तवर ड्रम खडखडायचा. ध्यानात हाय का?” तिचा आवाज चढला नव्हता. “साखराबाई पोटुशी व्हती. आमी चौघींनी वाळूत खळगा करून झिरा केला, वर तट्ट्या झाकला आन् आण घेतली. कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं असतं तर तुमी आमाला उचलून दुसरीकडं टाकलं असतं. मला चोर म्हणलात तवा तोंड उघडलं असतं, तर झिरा गेला असता. म्हणून मी एकटी घरी गेले. त्या तिघी पानकाळ्यापतुर तेच पाणी प्याल्या.”

 मुकादमांनी पटका काढला, हातात घेतला आणि मग त्याचं काय करावं हे न समजून पुन्हा डोक्यावर ठेवला. “चुकलो, भामाबाई,” ते म्हणाले. “लई चुकलो.”

सिंधुच्या डोक्यात मात्र एक वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. मुरुमाखाली वाळू. दुष्काळाच्या ऐन मे महिन्यात पाझरणारी वाळू. म्हणजे तळ्याच्या आधी, गावाच्याही आधी इथून एखादा ओढा वाहत असणार. वरून दिसत नाही, पण खाली अजून वाट धरून आहे. इतके दिवस ती हातोडी घेऊन तळ्यात फिरत होती आणि जागा तिच्या आईला चौदा वर्षं माहीत होती.

“आई, वाळू नेमकी कुठे लागली होती? दाखव ना!”

“दाखवते की.” भामाबाईने पदर खोचला आणि गुरुबसप्पांकडे पाहिलं. “आधी पाटी.”

लोक हसले. गुरुबसप्पाही हसले, आणि खरोखरच रॉकेलचा बोळा मागवून त्यांनी सगळ्यांसमोर पाटी पुसली. घाईत निळा रंगही निघाला. “आता हिच्यावर लिहू काय?”

“ते मागून बघू,” भामाबाई म्हणाली आणि टेकाडापासून तीन पावलं चालून तिने टाच रोवली. “हिथं.”

सिंधुने हाताचं गिरमिट लावलं. वरचा हातभर गाळ कोरडा निघाला. मग गिरमिट एकदम हलकं झालं. तिने ते वर ओढलं, पात्यातली वाळू तळहातावर घेतली आणि मूठ दाबली. मूठ उघडली तेव्हा वाळूचा गोळा फुटला नाही. तिने तो आधी मुकादमांच्या हातावर ठेवला.

रविवारी साहेब आले, फीत कापली आणि पाट्या न वाचताच चहा पिऊन गेले. सोमवारी सिंधुने जागा कळवली. गाडीने खोदायला घेतल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. गढूळ, पण गोडं. पुढच्या आठवड्यात सिमेंटच्या कड्या उतरल्या आणि तळ्याच्या कोरड्या पोटात विहीर उभी राहिली. पुरेल का, असं गुरुबसप्पांनी विचारलं. सिंधुने वहीत पाहिलं, आकडेमोड केली आणि म्हणाली, “जपून वापरलं तर पावसापर्यंत पुरेल. त्याच्या पुढचं मी सांगू शकत नाही.”

सातवी पाटी पुन्हा रंगवली गेली. मजकूर सिंधुने दिला, नावांचा क्रम भामाबाईने: ‘साखराबाई, धोंडाबाई, सरजाबाई आणि भामाबाई यांनी एका दिवसात खोदलेला खड्डा. खोली तीन फूट दोन इंच.’ नरसिंग मुकादम अजून माणसं घेऊन यायचे. काठीने टेकाडाला टकटक करायचे, तशीच दाद घ्यायचे, फक्त आता सुरुवातच “हिथं मी चुकलो, बरं का गुर्जी” अशी असायची. शेवटी ते सगळ्यांना ती पांढरी रेघ दाखवत.

पायवाटेवरचे चुन्याचे बाण पंधरा दिवसांत पुसले गेले. बाकी थांब्यांकडचे पोरांनी पुसले. सातव्याकडचे बायकांच्या पायांनी. पहाटेपासून घागरी, कळश्या, डबे बांधावरून उतरायचे. सारं गाव यायचं, पाटलांच्या सुनाही यायच्या. रांग टेकाडाला वळसा घालून मागे जायची.

लातूरला परत निघायच्या सकाळी सिंधु बांधावर उभी राहून पाहत होती. रांगेत आई मधेच कुठेतरी होती, डोक्यावर चुंबळ ठेवून, पुढच्या बाईशी कशावरून तरी वाद घालत. मुकादमांनी तिला पाहिलं आणि काठी उंचावली.

“भामाबाई, तुमी फुडं या! झिरा तुमचा.”

“काहून? मी काय मुकादम हाय?” भामाबाई तिथूनच ओरडली. “लंबरानं येते.”