नोंद नष्ट करण्याचे कारण

गजाननरावांनी भोपाळच्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं आणि एवढ्या वर्षांत कागदाचा कपटादेखील फाडला नाही. निवृत्त झाल्यावर तिथल्याच सोनागिरी भागातल्या मराठी मंडळानं त्यांना संगणकाचं काम दिलं. हौस तर दांडगी! गेल्या महिन्यात मंडळाची ईमेल त्यांनी एकट्यानं जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे हलवली आणि तेव्हापासून मंडळाची पत्रं कुठे पोचेनात.

आज तर पाणी गळ्याशी आलं होतं. नाट्यस्पर्धेची प्रवेशिका मंडळाच्याच ईमेल पत्त्यावरून पाचच्या आत पोचायला हवी होती. दोनदा पाठवली, दोनदा आयोजक म्हणाले, "काही आलं नाही." आणि नाटकात मुख्य भूमिका कुणाची? त्यांच्याच बायकोची, कमलिनीबाईंची! बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच. बाई सकाळपासून स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या.

साडेतीनला गजाननरावांनी मुलीला, स्वरदाला, फोन लावला. ती सर्व्हरचंच काम करायची. तिनं तिकडूनच मंडळाच्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदी पाहिल्या.

"बाबा, एसपीएफच्या दोन नोंदी कशाला?"

"एक जुन्या कंपनीची, एक नव्या कंपनीची."

"अहो, मंडळाच्या नावानं मेल कुणी पाठवायची, त्याचा परवाना असतो तो. एकच चालतो. दोन दिसले की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो आणि पत्र जातं स्पॅममध्ये. जुनी उडवा."

"उडवा? हद्द झाली! रेकॉर्ड असं उडवतात होय? मंजुरी लागते, वही लागते!"

"अरे यार बाबा, बदल लागू व्हायलाच अर्धा तास जाईल. बस, डिलीट कर दो!"

त्यांचं बोट माउसवर अडलं ते अडलंच. तेवढ्यात आतली भांडी थांबली. कमलिनीबाई संवादांची वही घेऊन दारात उभ्या होत्या.

"राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

हे वाक्य गजाननरावांनी बाईंच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं होतं. बदली झाली तेव्हा हेच, मुलगी लहान होती तेव्हा हेच, त्यांची आई आजारी पडली तेव्हाही हेच. ते तडक उठले, कोरी वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि जुनी नोंद अक्षर न् अक्षर त्यात उतरवली.

"साक्षीदार म्हणून सही कर."

"आता हे काय नवीन?" असं पुटपुटत बाईंनी चष्म्याशिवायच सही ठोकली. मग गजाननरावांनी डोळे घट्ट मिटून बटण दाबलं.

अर्ध्या तासानं प्रवेशिका पुन्हा गेली. पाचला दहा मिनिटं असताना उत्तर आलं: मिळाली!

चहा ठेवून कमलिनीबाईंनी चष्मा लावला आणि वही ओढली. शेवटचा रकाना होता नोंद नष्ट करण्याच्या कारणाचा. त्यात वळणदार सरकारी अक्षरात लिहिलं होतं: कमलिनीला नाटक करायचे आहे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "ही वही मात्र कधी फाडायची नाही हं."