क्लच नसलेली गाडी

आलापल्लीच्या, कधी सिरोंच्याच्या डेपोतून सागवान भरायचं आणि बल्लारपूरला नेऊन उतरवायचं, हेच काम सोमाजी मडावीनं वयाची साठी जवळ येईपर्यंत केलं. मग शुगर वाढली, डाव्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि डॉक्टरांना पायाचा पुढचा भाग काढून टाकावा लागला. तो दवाखान्यातून घरी आला तोवर मालकानं गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती दिली होती. सोमाजीनं त्याचा राग धरला नाही. क्लच दाबायला पाय लागतोच.

त्यानंतर तो दारात खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. कुणाचं गियर अडतंय, कुणाचा स्प्रिंगचा पाटा तुटायला आलाय, हे बसल्या जागी सांगायचा. त्याची बायको नीलाबाई तांदूळ निवडता निवडता हं हं म्हणायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा लोकेश हैदराबादला नोकरीला होता. नागपुरात शिकताना त्यानं एकेक भाग जमवून गेम खेळायचा कॉम्प्युटर बांधला होता. हैदराबादेत तिघांत एक खोली. तिथं तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून घरी आणून टाकला होता. एका सुट्टीत आला असताना त्यानं बापाची ती खुर्ची पाहिली आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम लावून दिला. टेबलाला आवळून बसवायचं एक जुनं स्टिअरिंग होतं, खाली दोन पेडल. एक ॲक्सिलेटर, एक ब्रेक.

"अन् क्लच?" सोमाजीनं विचारलं.

"क्लच नाई, बाबा. गियर आपोआप पडते."

सोमाजीनं चेष्टा समजून स्टिअरिंग धरलं. अर्ध्या तासानं नीलाबाईनं चहा आणून ठेवला तो गार झाला. त्या दिवसापासून दारातली खुर्ची आत आली. कुठल्या कुठल्या परमुलखातले ते रस्ते, गावांची नावं वाचता येत नसत, पण वळण म्हणजे वळण आणि उतार म्हणजे उतार. सोमाजी तिथंही उतारावर गाडी मोकळी सोडत नसे.

लोकेशचा दर रविवारी फोन यायचा. "जेवले का?" "जेवलो. तू?" "हो." मग, "आईले दे." असंच कितीतरी महिने चाललं होतं. एका रविवारी लोकेश म्हणाला, "बाबा, या गेममंदी दोन गाड्या संगं चालवता येतात. मी इथून, तुमी तिथून. कानाले हेडफोन लावला का बोलताही येते."

सोमाजीला ती कल्पना फार आवडली. पण प्रत्यक्षात फजिती झाली. गेमची आवृत्ती नवी होती आणि कॉम्प्युटर जुना. लोकेशचा ट्रक पडद्यावर दिसायचा, नाहीसा व्हायचा, भलतीकडंच उगवायचा. पूल तर गाडी नदीत गेल्यावर दिसला. लोकेश तिकडून हसत होता, पण सोमाजीनं हेडफोन काढून ठेवला.

"राहू दे," तो फोनवर म्हणाला. "माह्यी गाडी तुह्या गाडीच्या संगं नाई चालत."

"मी हप्त्यावर नवा घेऊन पाठवतो नं."

"नवा काऊन? गाडी थकली म्हणून कोणी फेकून देते का? दुरुस्त करीन मी."

नीलाबाईनं तेंदूपानाच्या हंगामातले थोडे पैसे बाजूला ठेवले होते. तिनं ते त्याच्यापुढं ठेवले आणि बजावलं, "यात होते तेवढंच करा. वर एक रुपया नाई."

सोमवारी सोमाजी सकाळच्या एसटीत बसला. कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, मागं ठेवा नं." सोमाजीनं नाही म्हणून मान हलवली. आष्टीच्या पुलावरून बस वैनगंगा ओलांडत असताना त्यानं सवयीनं ड्रायव्हरकडं पाहिलं, आणि पुढं चंद्रपूर येईपर्यंत खड्डा आला की डबा हातांवर अलगद उचलून धरला.

चंद्रपूरच्या बाजारातल्या दुकानात खुशबू नावाची एक तरुण बाई बसली होती. दुकान तिचंच. तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि आतून धूळ निघालीच, वर एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं बांधलेलं मातीचं घरही निघालं.

"गेम कोण खेळते, काकाजी? नातू?"

"मी खेळतो. ट्रकचा."

ती हसली नाही. "किती माल ओढता?" तिनं विचारलं, आणि सोमाजी लगेच मोकळा झाला.

येतानाच त्यानं मनाशी पक्कं केलं होतं: ग्राफिक्स कार्ड घ्यायचं. पडद्यावर चित्र उमटवणारा भाग तो, चांगला असला की झाडाचं पान न् पान दिसतं, असं लोकेशनं कधीतरी सांगितलं होतं. खुशबूच्या कपाटात एक जुनं पण दणकट कार्ड होतं. सोमाजीनं ते हातात घेऊन वजन पाहिलं.

"बसवून देते," खुशबू म्हणाली. "पण तुमच्या डब्यातला पॉवर सप्लाय त्याले पुरणार नाई. तोही बदलावा लागंल. तुमी सांगता तेवढे पैसे त्यातच संपतात. अन् गेम जिथून अडकून राह्यला, ते तसंच राहील. हे पाहा." तिनं डबा जोडून गेम चालू केला आणि पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. "मेमरी गच्च भरली. अन् ही जुनी हार्डडिस्क, हिच्यातून रस्ता वाचून बाहेर काढेस्तोवर तुमी पुढी निघून जाता."

"म्हणून पूल मागून दिसते?"

"म्हणूनच."

"अन् ते बदललं तं?"

"जास्तीची रॅम, म्हणजे मेमरी टाकते, हार्डडिस्कच्या जागी झपझप वाचणारी एसएसडी लावते. पंखा साफ करून चिप थंड ठेवणारी पेस्ट नवी भरते. चित्र आता आहे तसंच राहील. पण अडखळणार नाई."

सोमाजीनं कार्ड पुन्हा हातात घेतलं. पान न् पान दिसणारं जंगल त्याला हवं होतं, खोटं कशाला बोला. खुशबू घाई न करता दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन जोडत बसली. शेवटी त्यानं कार्ड तिच्यापुढं सरकवलं.

"गाडी चालली पाह्यजे," तो म्हणाला. "मांग पोरगा राहते."

काम व्हायला दुपार गेली. सोमाजी स्टुलावर बसून पाहत राहिला. कुंभारमाशीचं रिकामं घर तिनं ब्रशनं झाडलं, काळी पडलेली पेस्ट पुसली, पंखा धुतल्यासारखा लखलखला. मग ती पडद्यावरच्या खिडक्या उघडून एकेक गोष्ट कमी करू लागली. "सावल्या बंद करते, म्हणजे आणखी हलकं होईल."

"झाडाईच्या सावल्या?"

"हो."

"त्या थोड्या राहू दे, बाई. भर उन्हाचा रस्ता चालवायले मजा नाई येत."

खुशबूनं थोड्या ठेवल्या.

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सोमाजीनं फोनचं इंटरनेट जोडलं, हेडफोन चढवला. लोकेशचा ट्रक मागं आला आणि मागंच राहिला. उडाला नाही, गायब झाला नाही. पूल आला तो आधी दिसला, मग जवळ आला, मग चाकाखालून गेला. सोमाजी मोठ्यानं हसला.

"ओव्हरटेक करून राह्यला काय रे? वळण आहे. मांग हो."

"झालो, बाबा."

असे ते चालत राहिले. लोकेश लहान असताना गाडीत बसायचा हट्ट करायचा, आणि सोमाजीनं त्याला कधी नेलं नव्हतं. रात्रीबेरात्रीचा रस्ता, पोराची शाळा. केबिनमध्ये माणसं कशी बोलायला लागतात हे मात्र त्याला चांगलं ठाऊक होतं. कितीतरी क्लीनर त्याच्या शेजारी बसून जे घरी सांगत नसत ते सांगायचे. समोर रस्ता असतो, तोंडाकडं पाहावं लागत नाही.

बऱ्याच वेळानं लोकेश म्हणाला, "बाबा, एक सांगायचं होतं."

"सांग."

"सीता म्हणून आहे. माह्याच ऑफिसात. तिकडचीच, तेलुगू. आमी लगन करायचं म्हणून राह्यलो."

सोमाजीनं आरसा पाहिला. मागचा ट्रक हळू झाला होता, जसा काही तोच उत्तराची वाट पाहत होता. त्याच्या मनात बरंच काही येऊन गेलं. आपल्यातली नाही, देव वेगळे, भाषा वेगळी, नातेवाईक काय म्हणतील. मग तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंच्याकडची आठवण आली, तिकडच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की तेलुगू बोलणारी परकी माणसं खाटेवर बसवून भात वाढायची, ती.

"पोरीची ओळख किती दिवसापासून?"

"दोन वर्षं."

"अन् आत्ता सांगतं?"

"फोनवर जमत नव्हतं," लोकेश म्हणाला.

सोमाजीनं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. लोकेशनंही मागं आणून लावली. नीलाबाई दारात उभी होती. तिला फक्त नवऱ्याचंच बोलणं ऐकू येत होतं, पण तेवढं तिला पुरलं होतं. सोमाजीनं हेडफोन काढून तिच्यापुढं धरला. तिनं तो कानाला उलटाच लावला आणि म्हणाली, "पोरगी कोणाची हाये? अन् मले काऊन नाई सांगितलं रे?"

त्यापुढं बराच वेळ तीच बोलत होती. आधी रागानं, मग डोळे पुसत, मग सीतेला भात आवडतो की पोळी, तिची आई काय करते, असं विचारत. सोमाजी शेजारी बसून पडद्यावरच्या दोन उभ्या गाड्या पाहत राहिला.

दिवाळीत लोकेश सीतेला घेऊन आला. दोघं अंगणात चपला काढत असतानाच सोमाजी काठी टेकत पुढं झाला आणि म्हणाला, "अन्नं तिन्नावा?" जेवलीस का, एवढंच ते. सीतेला आधी आश्चर्य वाटलं, मग हसू फुटलं. तिनं भराभर काहीतरी उत्तर दिलं, सोमाजीनं त्याला अडखळत उत्तर दिलं, आणि ती आणखीच हसली.

"काय म्हणते ती?" नीलाबाईनं लोकेशला विचारलं.

"म्हणते, बाबाची तेलुगू ट्रकवाल्याईसारखी आहे."

"तं मंग कोणासारखी राहीन?" सोमाजी म्हणाला, आणि सीतेच्या हातातली पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला.