समुद्राची वाटणी

राज्यं विलीन होतात तेव्हा इतिहास घडतो, असं म्हणतात. आमच्या हैदराबादेत, जामबागच्या कॉलेजात, वेळापत्रक बदललं.

भूगोलाला दोन प्राध्यापक होते. भगवंतरावांकडे मुल्की भूगोल, म्हणजे निजामाचं राज्य. हिम्मतरावांकडे गैरमुल्की, म्हणजे उरलेली पृथ्वी. त्यामुळे काशी, पुणं आणि जपान एकाच पेपरात येत. हिम्मतरावांची सासुरवाडी सोलापूरची, म्हणजे ते दरसाल परदेशी जाऊन येत.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, आणि दिवाळीनंतर प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोघांना बोलावलं. "हिंदुस्थान आता मुल्की झाला. तो भगवंतरावांकडे द्या."

हिम्मतरावांचे निम्मे तास गेले. ते अजून कायम झाले नव्हते, आणि ज्याचे तास कमी त्याला मार्चमध्ये निरोप, असा कॉलेजचा नियम होता.

"मग तुमच्याकडे उरलं काय?" घरी मालनबाईंनी विचारलं.

"जपान. शिवाय आफ्रिका."

"आणि माझं माहेर?"

"तेही भगवंतरावांकडे गेलं."

"धन्य! एक सोलापूर सांभाळता आलं नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव पुन्हा साहेबांसमोर उभे. "साहेब, निदान समुद्र तरी मला द्या. आपल्या राज्याला समुद्र कधी नव्हताच. तो मुल्की कसा?"

भगवंतराव सिकंदराबादच्या पलीकडे गेले नव्हते, आणि हुसेनसागराहून मोठं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं. पण ते उसळले. "नक्को! हिंदुस्थान आला तो काय कोरडा आला? किनारा माझा, तर पाणीही माझंच."

साहेबांनी न्याय केला. "कमरेइतकं पाणी भगवंतरावांचं. पुढचं हिम्मतरावांचं."

ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली. उर्दू जाऊन इंग्रजी येणार म्हणून त्या वर्षी सगळ्यांच्याच तासांवर गदा होती. चंद्राच्या नात्यानं भरती-ओहोटी फिजिक्सनं नेली. मीठ केमिस्ट्रीनं नेलं, मासे प्राणिशास्त्रानं. संगीताच्या कुसुमताई म्हणाल्या, "कोळ्यांची गाणी तुम्ही म्हणून दाखवणार का हो, हिम्मतराव?" आणि गाणी गेली. हिम्मतरावांकडे दीपगृहं उरली. त्यांत उजेड असतो हे चार दिवसांनी फिजिक्सच्या लक्षात आलं, आणि तीही गेली.

मग शिकवायची वेळ आली.

भगवंतरावांच्या वर्गात विठ्ठल नावाचा विद्यार्थी उठला. "सर, ओहोटीला पाणी मागं जातं म्हणता. जातं कुठं?"

"हिम्मतरावांकडे."

पोरं हिम्मतरावांकडे गेली. ते म्हणाले, "माझ्याकडे काही आलं नाही. फिजिक्सला विचारा." फिजिक्सनं परातीत पाणी घेऊन वर चंद्र म्हणून कंदील धरला, भरती आली नाही. प्राणिशास्त्रानं समुद्रातला मासा म्हणून जो दाखवला, तो मूसी नदीचा निघाला. कुसुमताईंच्या कोळ्यांनी होडी लोटली ती थेट भजनाच्या ठेक्यावर.

संक्रांतीपर्यंत एकेक विभाग आपापला वाटा परत करून गेला. शेवटी भगवंतराव आले.

"घ्या हो तुमचं कमरेइतकं पाणी. पोरं रोज नवीन विचारतात. तुम्ही तरी पाहिलाय ना समुद्र?"

"छे. पण न पाहिलेलं शिकवायची मला सवय आहे."

सगळा समुद्र आला तसे तास भरले. मार्चमध्ये हिम्मतराव कायम झाले. मालनबाईंनी आबिड्सच्या बाजारातून पेढे मागवले आणि एक पुडा भगवंतरावांकडेही धाडला, माहेर त्यांच्याकडे म्हणून.

जूनमध्ये भूगोलाला एकच विद्यार्थिनी आली, वासंती. तीही संगीताचा वर्ग भरला होता म्हणून.