तीन मिनिटं मागच्या सीटवर

आमच्या साल्साच्या हॉलला उन्हाळाभर कुलूप असतं. टायरच्या दुकानावरचा पत्र्याचा मजला तो. उन्हाळ्यात तिथे नाचणं सोडाच, नुसतं उभं राहिलं तरी जीव नकोसा होतो. म्हणून आमचा हंगाम थंडीचा. एकदा गारठा पडायला लागला की दर रविवारी दुपारी तीन ते सहा. माणसं स्वेटर, मफलर, कानटोप्या अशा अवतारात जिना चढतात, दाराजवळच्या लांब टेबलावर सगळ्याचा ढीग घालतात, बूट बदलतात आणि तिसऱ्या गाण्याला कुणीतरी घामाघूम होऊन खिडकी उघडा म्हणून ओरडतं. खिडकी उघडली की दुसरं कुणीतरी बंद करा म्हणून ओरडतं. खालून रबराचा वास येत असतो तो वेगळाच.

यंदा हंगामाच्या पहिल्या रविवारी मी तो जिना एकटा चढलो. माझी बायको उन्हाळ्यात गेली. हृदयाची झडप बिघडली होती. वर्षभर तरी आधीपासून बिघडलेली असणार, असं डॉक्टर म्हणाले. गेल्या हिवाळ्यात तिला धाप लागायची आणि आम्ही दोघंही ते थंडीवर ढकलत होतो.

जायचं माझ्या मनात नव्हतं. मुलीने पिच्छाच पुरवला. "बाबा, रविवारी दुपारी तुम्ही घरात काय करता ते मला माहीत आहे. भिंतीकडे बघत बसता. जाऊन तर या." मी म्हटलं, भिंत काही वाईट नाही, निदान सल्ले तरी देत नाही. पण शेवटी गेलो, आणि का गेलो ते खरं सांगतो.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवतात, मी त्यावर दात बसवून परत पाठवतो. लोकांशी माझा संबंध त्यांच्या हिरड्यांपुरता, आणि तेच बरं आहे असं बायको म्हणायची, कारण मी तोंड उघडलं की कुणीतरी दुखावतंच. मुलीच्या लग्नात मी व्याह्यांशी गाड्या कुठे लावायच्या यावरून भांडलो. घराचं छत गळायला लागलं तेव्हा माणूस न बोलावता स्वतः वर चढलो आणि एका खोलीतली गळती दोन खोल्यांत नेली. संसारात मी हात घातला आणि गोष्ट धड झाली, असं क्वचितच घडलं. ते सगळं निस्तरत ती माझ्याबरोबर एकतीस वर्षं राहिली. एकच गोष्ट मला जमली होती. मी तिला छान नाचवायचो. तिच्यासाठी आपण काही नीट केलं असेल तर हे, एवढाच मला आधार उरला होता, आणि तो अजून जागेवर आहे ना, हे बघायला मी गेलो.

साल्सात एकाने न्यायचं आणि दुसऱ्याने जायचं. नेणाऱ्याने डावा हात वर केला की तिने गिरकी घ्यायची, उजव्या हाताने तिच्या पाठीला हलकी खूण केली की तिने समोरून पलीकडे जायचं. आठ मोजायचे, चौथ्याला आणि आठव्याला थांबायचं. तोंडाने काही सांगायचं नाही, सगळं हातानेच कळलं पाहिजे. बायकोला ही हौस पन्नाशीत आली. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, तिथल्याच एका विद्यार्थिनीने तिला हा हॉल दाखवला आणि तिने मला जवळजवळ कॉलर धरून नेलं. दोन महिने मी नाक मुरडत होतो. पावलं पडता पडेनात. मग एका रविवारी अचानक माझा हात वर गेला, ती गर्रकन फिरली आणि बरोबर सातव्याला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी थक्क झालो. त्या दिवशी घरी परतताना मी इतका फुशारलो होतो की ती म्हणाली, "अहो, जरा खाली उतरा, दारातून आत जायचंय."

गाणं संपलं की आभार मानायचे आणि जोडीदार बदलायचा, ही तिथली रीत. विचारायला आलेल्या एकाला नाही म्हटलं तर ते गाणं बसून काढायचं, हीही रीतच. मी बसून राहायचो. मला माझी बायको पुरे होती. ती मात्र मधूनमधून इतरांबरोबर जायची, विशेषतः लिफ्टवाल्याबरोबर. हा माणूस उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कंजूष. त्याच्याबरोबर नाचताना ती डोळे मिटून घ्यायची. माझ्याबरोबर कधीच नाही. माझ्याबरोबर तिचे डोळे टक्क उघडे, माझ्या खांद्यावरून हॉलभर फिरत असायचे. हे माझ्या डोक्यात बसलं आणि तिथेच मुरत राहिलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, परतताना गाडीत मी नको ते बोललो. "त्याच्याबरोबर असलीस की तुझे डोळे मिटतात. माझ्याबरोबर असलीस की तू दुसऱ्यांकडे बघत असतेस. लोकांना दिसतं सगळं." गाडी तीच चालवत होती. सिग्नल लागला. तो सुटला तरी ती दोन क्षण तशीच बसून राहिली आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"बरं," ती म्हणाली. "नाही नाचणार दुसऱ्या कुणाशी."

आणि गेला अख्खा हिवाळा ती फक्त माझ्याबरोबर नाचली. गाणं संपलं तरी मी तिचा हात सोडायचो नाही, त्यामुळे विचारायला कुणी यायचंच बंद झालं. धाप लागली की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची, रुमालाने मान पुसायची आणि पुन्हा यायची. मी मनात म्हणायचो, थंडी बाधतेय हिला. मनातून मी खूशच होतो.

तर यंदाचा पहिला रविवार.  मला बघून एकदोघांनी माझा हात हातात घेतला. मग पोस्टातली बाई पुढे आली. ही दहा वर्षं नाचतेय, सगळे तिच्याबरोबर नाचायला टपलेले असतात. तिने माझ्यासमोर हात धरला आणि म्हणाली, "काका, चला, एक गाणं." नाही म्हणायचं जिवावर आलं. मी उठलो.

एक-दोन-तीन. पाच-सहा-सात. जागच्या जागी पावलं ठीक पडत होती. आता डावा हात वर जाईल आणि ही फिरेल, म्हणून मी थांबलो. हात गेला नाही. मी पुन्हा आठ मोजले. ती माझ्या तोंडाकडे बघत तशीच जागच्या जागी पावलं टाकत राहिली.

"काका, वळू का?" तिने हळूच विचारलं.

"वळा की, विचारता काय!" म्हणत मी हात जोरात ओढला. ती बिचारी तोल जाऊन शेजारच्या जोडीवर आदळली आणि तिथल्या एका गृहस्थांचा चष्मा खाली पडला. तो सापडला, फुटला नव्हता. पण माझा पारा चढला होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "यांना समोरच्याबरोबर जाताच येत नाही." तिचा चेहरा पडला. 

आमची मास्तरीण पस्तिशीची, सडपातळ आणि फटकळ. ती सरळ आली, माझा हात धरला आणि मला कोपऱ्यात घेऊन गेली. "मला न्या," म्हणाली. गाणं चालू होतं. मी उभा राहिलो, मोजायला लागलो.

"न्या ना."

"नेतोय की."

"नाही, काका. तुम्ही मोजताय. माझ्या हाताला तुम्ही काहीच सांगत नाही आहात."

"मग तिच्याबरोबर कसं जमायचं?" मी ओरडलोच. "चार हिवाळे नाचवलं मी तिला! तुम्ही बघितलंय!"

मास्तरणीने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.  मीही बघितलं. हा हात वर जायचा, हे खरं. पण तो जायच्या आधी तिची बोटं माझ्या तळव्याला खालून हलकेच दाबायची. दर वेळी. ते मला प्रेम वाटायचं. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. मुरलेला शिक्षक तो असा दाबतो, की शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. ती तर पंचवीस वर्षं शिकवत होती.

"तीच न्यायची?" मी विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या गिरकीपासून. फार अवघड असतं ते, काका. स्वतः फिरायचं, तुमचा हात उचलायचा, तुम्हाला कुणावर आपटू द्यायचं नाही, आणि वर तुम्हाला कळू द्यायचं नाही. डोळे उघडे ठेवावेच लागायचे त्यांना. मी दोनदा म्हटलं, काकांना सांगून टाकते, शिकतील. तर मलाच दम दिला. म्हणाल्या, आयुष्यात एक गोष्ट आपल्याला जमली असं त्यांना वाटतंय, ती तेवढी राहू दे."

 मी भिंतीला टेकलो. सगळ्या हॉलला माहीत होतं. पण तेव्हा मला लाजेचं काही वाटलं नाही. मला दुसरीच गोष्ट विचारायची होती.

"मग ती... त्या लिफ्टवाल्याबरोबर..."

"विश्रांतीला," मास्तरीण म्हणाली. "तुमच्याबरोबर तीन-चार गाणी झाली की माझ्याजवळ येऊन पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, चला, आता तीन मिनिटं मी मागच्या सीटवर. मग त्यांना विचारायच्या. लिफ्टवाले फार सांभाळून नेतात. त्यांच्याबरोबर काहीच करावं लागत नाही."

मास्तरणीला माझं गाडीतलं बोलणं माहीत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात काकू इतरांबरोबर का नाचल्या नाहीत, हे तिने कधी विचारलंही नसावं. मी सांगितलं नाही. माझ्याच्याने झालं नाही.

नाचामुळे काही झालेलं नाही, ते व्हायचंच होतं, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी ते मानतो. पण बिघडलेलं हृदय घेऊन एक बाई हिवाळाभर, दर रविवारी तीन तास, दोघांचं नाचत होती आणि तिची विश्रांती मी बंद केली होती. एका शब्दाने. आणि ती बरं म्हणाली होती. भांडली असती तर? चार शब्द सुनावले असते तर? पण मग तिला खरं सांगावं लागलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

मी टेबलाशी गेलो आणि ढिगातून माझा स्वेटर ओढला. वाटेत पोस्टातल्या बाईला हात जोडले. "चूक माझी होती," म्हटलं. ती म्हणाली, "असू दे हो, काका," आणि तिचे डोळे भरून आले. दाराशी लिफ्टवाला बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मला बघून उठला. त्याने पूर्वी कधी माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला असेल, तर मी त्याला दाद दिली नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "वहिनींचं कळलं तेव्हा घरी यायचं होतं. पण तुम्हाला आवडेल की नाही..."

"नसतं आवडलं," मी म्हणालो. मग स्वेटर पुन्हा टेबलावर टाकला. "तुम्ही तिला न्यायचात, तसं मला न्याल का? एक गाणं."

तो हसला नाही. वाकडं तोंडही केलं नाही. माझा उजवा हात त्याने आपल्या डाव्या हातात घेतला, दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि मला मधोमध घेऊन गेला. कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरणीने तिकडे नुसतं बघितलं आणि हसणं थांबलं.

पहिलं पाऊल चुकलं. उजवा पाय मागे टाकायचा, तिथे माझा डावा पुढे पडला आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. "काही नाही," तो म्हणाला आणि थांबून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदाही चुकलं. मग मी मोजणं सोडलं. पाठीवरचा हात जरासा वळला आणि मी पलीकडे गेलो होतो. कसा गेलो, कळलं नाही. आम्ही एका जोडीच्या अगदी जवळून गेलो, मी अंग चोरलं, पण त्याने आधीच बघितलं होतं. बघायचं काम माझ्याकडे नव्हतंच. पुढे काय, याचा विचार करायचा नव्हता. चुकलं तर निस्तरायचं नव्हतं. एकसष्ट वर्षांचा मी, इतका निवांत कधी होतो ते मला आठवेना.

गाणं संपलं. त्याने हात लगेच सोडले नाहीत. 

"दमलात का, दादा?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. खरंच दमलो नव्हतो. जराही नाही. आणि तेच मला सहन होईना, मी भर हॉलमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो.